पीआर झाला, कार्ड यायचंय

शेत विकत घेतलं म्हणून सातबारा लगेच आपल्या नावावर होत नाही, हे आमच्या घाटनांदूरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. खरेदीखत झालं, पैसे दिले, अंगठे उठले, पेढे वाटून झाले, तरी तलाठ्याकडे फेरफार पडायचा असतो. नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि मग कुठे सातबाऱ्यावर नाव चढतं. तोवर मालक कोण? कायद्याने विचाराल तर तुम्हीच. मालकी खरेदीखताने मिळते, फेरफार ही नुसती नोंद आहे, असं कोर्टांनी कितीदा तरी सांगून झालंय. पण त्या मधल्या दिवसांत बँकेत पीककर्ज मागायला जाऊन बघा. "आधी सातबारा आणा," म्हणून परत पाठवतील.

मला आज शेताबद्दल लिहायचं नाहीये. परदेशात नुकते 'पर्मनंट रेसिडेंट', म्हणजे कायमचे रहिवासी झालेल्या आपल्या मुलामुलींबद्दल लिहायचंय. त्यांचंही असंच असतं. हक्क मिळालेला असतो, कार्ड यायचं असतं. आणि त्या मधल्या काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, गावाकडून फोन आला तर निघायचं की नाही, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नावर गावात जे बोललं जातं ते मी खूप वर्षं ऐकत आलोय. म्हणून एकदा नीट लिहावं म्हटलं.

आधी एक घोळ दूर करू. अर्ज केलेला माणूस वेगळा आणि पीआर मिळालेला माणूस वेगळा. अमेरिकेत आपली हजारो मंडळी ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी आहेत. तिथे १९९० च्या कायद्याने कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा घातलीय आणि भारतातून नोकरीवर गेलेल्यांची संख्या अफाट, म्हणून ती रांग. त्यातल्या शेवटच्या टप्प्यावरचा अर्ज प्रलंबित असताना 'ॲडव्हान्स पॅरोल' नावाची परवानगी न घेता देश सोडला तर अर्जच सोडून दिला असं धरतात. एच-१ किंवा एल-१ व्हिसावर असलेल्यांना यातून सूट आहे. पण हा झाला अर्जदारांचा प्रश्न. मी बोलतोय तो त्यांच्या पुढच्या माणसाबद्दल. ज्याचा निकाल लागलाय, ज्याला अभिनंदनाचं पत्र मिळालंय, ज्याच्या आईने गावात साखर वाटलीय, आणि ज्याच्या खिशात अजून ते कार्ड नाहीये.

या माणसाची गंमत अशी की पीआर मिळायच्या आदल्या दिवशी तो जास्त मोकळा असतो! कॅनडाचंच घ्या. शिकायला गेलेला पोरगा पुढे वर्क परमिटवर नोकरी करतो. पासपोर्टात व्हिसा चालू असेल तर घाटनांदूरला येऊन चार दिवस राहून तो खुशाल परत जाऊ शकतो. एके दिवशी त्याला पीआर मिळतो. आता तो तात्पुरता रहिवासी राहिला नाही, म्हणून तो जुना व्हिसा त्याच्या परतीच्या कामाचा राहत नाही. नवं कार्ड टपालात. म्हणजे बढती दिली आणि त्याच दिवशी सायकल काढून घेतली, असा प्रकार.

कॅनडात हे कार्ड आलं २८ जून २००२ ला, नव्या इमिग्रेशन कायद्याबरोबर. त्याआधी 'रेकॉर्ड ऑफ लँडिंग' नावाचा कागद मिळायचा. ३१ डिसेंबर २००३ पासून नियम असा झाला की विमानाने, बसने, रेल्वेने, बोटीने परत यायचं असेल तर पीआर माणसाकडे कार्ड हवंच. कार्ड नसेल तर बाहेरून 'पर्मनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट' नावाचा कागद अर्ज करून मिळवायचा, जो बहुधा एकाच प्रवेशापुरता असतो. आणि त्या कायद्यात एक वाक्य असं आहे की देशाबाहेर असलेल्या माणसाकडे हा पुरावा नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो पीआर नाहीच असं गृहीत धरायचं. वाचून बघा पुन्हा एकदा. हक्क जात नाही, पण हक्क नसल्यासारखं वागवतात. बँकेतला तो साहेब आठवला की नाही?

बरं, हे कार्ड कॅनडातल्याच पत्त्यावर पाठवतात. भारतात मागवायची सोय नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईची कितीतरी कुटुंबं पूर्वी पंधरा दिवसांसाठी जाऊन 'लँडिंग' करून यायची, इथली नोकरी-घर आवरायला परत यायची, आणि कार्ड तिकडच्या कुणा मित्राच्या घरी पडलेलं असायचं. मग ते इकडे येणारं कोण आहे का, याची शोधाशोध. एका प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी अख्खं कुटुंब अडकून!

आता कुणी म्हणेल, माणूस खरा आहे, सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये त्याचं नाव आहे, मग सीमेवर जाऊन सांगावं की. सीमेपर्यंत पोचला तर ना! रात्री दोन वाजता मुंबईच्या विमानतळावर त्याची गाठ कॅनडाच्या अधिकाऱ्याशी पडत नाही, विमान कंपनीच्या काउंटरवरच्या पोराशी पडते. कागद अपुरे असलेला प्रवासी नेऊन उतरवला तर भुर्दंड कंपनीला बसतो. म्हणून ते पोरगं 'टिमॅटिक' नावाच्या यादीत बघतं आणि तिथे जे लिहिलंय तेवढंच मानतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. अमेरिकेत उतरून खाजगी गाडीने सीमा ओलांडली तर कार्डाशिवाय दुसऱ्या पुराव्यावरही कॅनडात घेतात, हा रस्ता लोक सांगतात आणि तो खराही आहे. पण भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत उतरायला अमेरिकेचा व्हिसा आधी हवा. तो नसेल तर हा रस्ता तुमचा नाही.

हे असंच असावं लागतं का? माझं म्हणणं, नाही. शेजारच्या अमेरिकेचंच बघा. इमिग्रंट व्हिसावर पहिल्यांदा उतरलेल्या माणसाच्या पासपोर्टवर विमानतळावर शिक्का बसतो, आणि शिक्का बसला की तो व्हिसाच वर्षभर ग्रीन कार्डाच्या जागी चालतो. तसं त्या व्हिसावर छापलेलंच असतं. कार्ड टपालाने सावकाश येऊ दे. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला तर तो निघू शकतो आणि परत जाऊ शकतो. जे तिथे आधीपासून राहून पीआर होतात त्यांनाही गरज पडली तर कार्यालयात वेळ मागून पासपोर्टवर तात्पुरता शिक्का घेता येतो. वेळ मिळवताना नाकी नऊ येतात म्हणा, पण निदान सोय आहे.

ऑस्ट्रेलियाने तर कार्डाची भानगडच ठेवली नाही. सप्टेंबर २०१५ पासून पासपोर्टात व्हिसाचं लेबल चिकटवणंही बंद केलं. हक्काची नोंद पासपोर्टच्या नंबराशी जोडलेली असते, विमान कंपनी तीच नोंद तपासते. ब्रिटननेही २०२४ अखेरीस रहिवासाची कार्डं बंद करून सगळं ऑनलाइन नोंदीवर आणलं. यातही खाचखळगे आहेत. पासपोर्ट नवा काढला की नंबर बदलतो, आणि तो कळवायचा राहिला तर काउंटरवर पुन्हा तोच तमाशा. पण टपालाची वाट बघणं तरी संपलं.

कार्डाच्या बाजूने बोलायचं तर कागदी दाखले बनावट करणं सोपं, म्हणून कार्ड आणलं. २००१ च्या सप्टेंबरनंतर सगळ्याच देशांनी दारं-खिडक्या पुन्हा तपासल्या, त्यात हेही आलं. ते पटण्यासारखं आहे. चोरट्यांना अडवू नका असं कुणीच म्हणत नाही. पण ज्या क्षणी अधिकारी एखाद्याला पीआर करतो, त्या क्षणी सरकारच्या नोंदीत त्याचा फोटो, पासपोर्ट नंबर सगळं असतंच. ती नोंद त्याच दिवशी विमान कंपनीला दिसू शकेल अशी करणं किंवा तीन महिन्यांचा एक शिक्का मारणं, यात सुरक्षेचं काय बिघडतं? तेव्हा माझी मागणी साधी आहे. ज्या दिवशी हक्क, त्याच दिवशी परतीचा पुरावा. तिकडची आपली मंडळं गणपती आणि दिवाळी अंक झोकात करतात, त्याचा अभिमानच आहे. त्यांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे हाही विषय लावून धरावा. नव्याने आलेल्या माणसाला मताचा अधिकार नसतो, त्याच्या वतीने जुन्यांनीच बोलायला हवं.

आता आपल्या बाजूचं. आणि इथे मला जास्त बोलायचंय, कारण वाचणाऱ्यांत नातेवाईक बरेच आहेत.

आमच्या भावकीतला एक मुलगा तिकडे असाच मधल्या दिवसांत होता आणि इकडे त्याची आजी गेली. देशाचं नाव घेत नाही, त्याला कारणही नाही. तो आला नाही. दहाव्याला नदीवर माणसं जमली तेव्हा एक जण म्हणाला, "कार्ड आलं न्हाई म्हणतो. आजीच्या दहाव्याला यायला बी कार्ड लागतंय व्हय?" चार जण हसले. पोराचे वडील खाली मान घालून उभे. मला ते हसू अजून टोचतं. यायला कार्ड लागत नाही, हे बरोबरच आहे. भारतीय पासपोर्टवर भारतात यायला कुणाची परवानगी लागत नाही. कार्ड लागतं ते परत जायला. आला असता तर कागद मिळेपर्यंत किती आठवडे इथे बसावं लागलं असतं ते सांगता येत नाही, आणि नोकरीला लागून त्याला जेमतेम दोन महिने झालेले. घरभाडं चालू, बायको-लेकरू तिथे. हे हिशोब दहाव्याच्या गर्दीत कोण मांडणार? "परदेशात गेलं की माणूस बदलतो" हे एक वाक्य पुरतं.

ज्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जाऊन आलेली आहेत, त्या भागात तरी हे वाक्य इतकं सहज निघू नये. बीड जिल्ह्यातला ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन जातो. फडावर असताना गावी कुणी गेलं तर तो लगेच येऊ शकतो का? कोयता बंद पडला की हिशोब वाढतो. तेव्हा आपण म्हणतो, "बिचारा अडकलाय." टोरांटोतला पोरगाही अडकलेलाच असतो. फक्त त्याच्या अडकण्याला दाराचा आवाज नाही, म्हणून आपल्याला ते दिसत नाही.

दुसरी गोष्ट जरा कटू आहे. आपल्याकडे फोनवर खरं सांगत नाहीत. माणूस अत्यवस्थ असला तरी "जरा बरं नाही, काळजी करू नको." आणि माणूस गेलेला असला तर "सीरियस आहे, ताबडतोब निघ." धक्का बसू नये म्हणून हे चालत आलंय. गेलेला माणूस पुण्या-मुंबईत असेल तोवर ते चालून जायचं, रात्रीची गाडी पकडून तो सकाळी परळीला उतरायचा. पण ज्याच्याकडे कार्ड नाही त्याच्यासाठी ही माया फार महाग पडते. त्याला दोनच गोष्टींवर निर्णय घ्यायचा असतो: भेट होईल का, आणि त्यासाठी काय पणाला लावावं लागेल. पहिली गोष्टच तुम्ही खोटी सांगितलीत तर तो चुकीच्या वेळी येईल किंवा योग्य वेळी येणार नाही. नंतर आयुष्यभर कुढत बसेल. म्हणून हात जोडून सांगतो, परदेशातल्या मुलाला खरं सांगा. डॉक्टर काय म्हणाले ते डॉक्टरांच्याच शब्दांत सांगा. जमलं तर त्याचं बोलणंच करून द्या.

तिसरी गोष्ट कामाची. तातडीच्या कारणासाठी कार्डाचा किंवा प्रवासाच्या कागदाचा अर्ज लवकर बघावा अशी विनंती कॅनडात करता येते. पण त्याला पुरावा लागतो, आणि तो पुरावा इकडूनच जायचा असतो. अंबाजोगाईच्या दवाखान्यातलं नुसतं औषधाच्या चिठ्ठीचं चुरगळलेलं कागद पाठवून भागत नाही. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, रुग्णाचं पूर्ण नाव, आजार, गांभीर्य, तारीख, सही-शिक्का असं पत्र मागून घ्या. आणि नावाचं बघा! आपल्याकडे आधारवर 'चंद्रभागाबाई', दवाखान्यात 'चंद्रकला', पोराच्या पासपोर्टात आईचं नाव तिसरंच, असं सर्रास असतं. तिकडच्या अधिकाऱ्याला ही एकच बाई आहे हे कसं कळावं? घरातलं मूल परदेशी चाललंय म्हटल्यावर आई-वडिलांच्या कागदांवरची नावं एकसारखी करून घेणं, हे बॅगेत लोणच्याची बरणी भरण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. मृत्यूची नोंदही ग्रामपंचायतीत एकवीस दिवसांच्या आत करायची असते. ती दहाव्याची वाट न बघता करा आणि दाखल्याचा फोटो पाठवून द्या.

मग निघावं की निघू नये? मला विचाराल तर माझं मत असं. त्या मधल्या दिवसांत लग्न, जावळ, वास्तुशांत, यात्रा यांसाठी निघूच नये. कितीही आग्रह झाला तरी. "कार्ड आल्यावर येतो" म्हणावं आणि आपण इकडच्यांनी ते ऐकून घ्यावं. आई-वडील आजारी असतील, बोलू शकत असतील, ओळखत असतील, तर मात्र निघावं. परत जायला एक-दोन महिने उशीर होऊ शकतो हे साहेबाला आधी सांगून, सगळ्या कागदांच्या प्रती सोबत घेऊन, डोळे उघडे ठेवून निघावं. नोकरी पुन्हा मिळते. पीआर एवढ्याने जात नाही, कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस राहिलं की तो टिकतो, त्यातले दोन महिने गेले तर गेले. पण माणूस गेल्यावर, केवळ विधीसाठी, सगळं पणाला लावून येऊ नये. अग्नी तर आपल्याकडे त्याच दिवशी देतात. सगळ्यात लवकरचं विमान धरून हैदराबादला उतरलं आणि विकाराबाद, लातूर रोड करत घाटनांदूर गाठलं, तरी तोवर राख सावडायची वेळ झालेली असते. दहावा भाऊ करू शकतो, पुतण्या करू शकतो, मुलगीही करू शकते. वर्षश्राद्धाला कार्ड हातात असेल, तेव्हा यावं आणि निवांत राहावं.

हे काहींना कोरडं वाटेल. मला तसं वाटत नाही. जिवंत माणसाच्या उशाशी बसायला धोका पत्करावा आणि मेलेल्या माणसासाठी लोकांच्या तोंडाला घाबरून तो पत्करू नये, यात कोरडेपणा कुठे आला?

बाकी ज्यांची मुलं सध्या टपालाची वाट बघताहेत, त्यांनी रोज फोनवर "आलं का रे कार्ड?" विचारू नये. आलं की तोच सगळ्यात आधी तुम्हालाच फोन करणार आहे.